वाचकांचे प्रश्न: घरचं सॉसेज बिस्किट

न्याहारीसाठी घरी सॉसेज बिस्किट करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. कुणाचं बिस्किट फुगलं नाही, कुणाचं सॉसेज तव्यातच विस्कटलं, तर कुणाला पहाटे उठून एवढा घाट घालावा का हाच प्रश्न पडला आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. प्रमाणं ग्रॅममध्ये आहेत, कारण कपाने मोजलेला मैदा कधी सैल भरतो तर कधी दाबून, आणि त्या फरकानेच निम्मे घोटाळे होतात. चमचा म्हणजे सपाट भरलेला छोटा चमचा, 5 मिलिलिटरचा.

प्रश्न: यातलं 'बिस्किट' म्हणजे नेमकं काय? चहासोबतचं कडक, गोड बिस्किट आणि सॉसेज यांचा मेळ काही केल्या बसत नाही.

हे बिस्किट वेगळं. अमेरिकेत, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, बिस्किट म्हणजे यीस्ट न घालता फुगवलेला, मऊ आणि पापुद्र्याचा छोटा पाव. बाहेरून हलका खरपूस, आत ओलसर आणि चवीला जेमतेम खारट. तो मधोमध उघडून आत सेज (एक सुगंधी पाला) आणि मिरी घातलेल्या डुकराच्या खिम्याची तळलेली टिक्की ठेवली की झालं सॉसेज बिस्किट. नळीत भरलेलं लांबट सॉसेज इथे चालत नाही. टिक्कीच हवी.

हा पाव दक्षिणेत रुजला त्यामागे तिथला गहू आहे. त्या भागात पिकणाऱ्या मऊ गव्हात प्रथिनं कमी असतात. त्याचं पीठ यीस्टच्या उंच पावाला दुबळं पडतं, पण बिस्किटाला अगदी नेमकं बसतं. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल इथे 1883 मध्ये सुरू झालेली 'व्हाइट लिली' ही पिठाची छाप याच गुणासाठी आजही तिथे ओळखली जाते. बेकिंग पावडर येण्याआधी फुगवण्यासाठी पिठाचा गोळा लाकडी दांड्याने अर्धा-अर्धा तास बडवत. ती 'बीटन बिस्किटं' घट्ट आणि कडक व्हायची. 1856 मध्ये एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने फॉस्फेटच्या आम्लाचं पेटंट घेतलं, त्यातून तयार बेकिंग पावडर घराघरांत पोचली आणि आजचं मऊ बिस्किट रोजच्या न्याहारीत आलं.

प्रश्न: आठ बिस्किटांचं नेमकं प्रमाण आणि कृती द्याल का? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळंच काहीतरी सापडतं.

बिस्किटांसाठी 300 ग्रॅम मैदा, 12 ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीन चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर, 115 ग्रॅम बिनमिठाचं गार लोणी आणि 220 ते 240 मिलिलिटर दाट, आंबट, गार ताक. लोणी मिठाचं असेल तर वरचं मीठ पाव चमच्यावर आणा. आत खारट सॉसेज जाणार आहे, तेव्हा बिस्किट थोडं अळणीच बरं.

सॉसेजसाठी 500 ग्रॅम डुकराच्या खांद्याचा खिमा. त्यात चरबी पाव भाग तरी हवी, 30 टक्के असेल तर उत्तम. त्याला 8 ग्रॅम मीठ, एक चमचा जाडसर मिरपूड, दोन चमचे सुका चुरलेला सेज, अर्धा चमचा थाइम, अर्धा चमचा सुक्या लाल मिरचीचे तुकडे, चिमूटभर जायफळ, दोन चमचे ब्राउन शुगर आणि 30 मिलिलिटर बर्फाचं पाणी.

सॉसेज आदल्या रात्री करून ठेवा. मीठ-मसाला खिम्यावर पसरा, पाणी घाला आणि गार हातांनी दीड ते दोन मिनिटं चांगलं मळा. 62-62 ग्रॅमचे आठ गोळे करून ते 9 सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम 1 सेंटिमीटर जाड थापा. मधोमध अंगठ्याने उथळ खळगा करा, नाहीतर तव्यात टिक्की मध्ये फुगून लाडवासारखी गोल होते. शिजताना ती आक्रसून सात-साडेसात सेंटिमीटरवर येते. म्हणून कच्ची टिक्की बिस्किटाच्या मापाची थापायची नाही, बोटभर मोठी थापायची.

सकाळी ओव्हन 220 अंश सेल्सिअसला लावा आणि वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण तापू द्या. लोण्याचे 1 सेंटिमीटरचे तुकडे करून दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. कोरडे जिन्नस चाळून घ्या, त्यात लोणी टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. मोहन चोळायची सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा. मोहन पिठात पूर्ण मुरवायचं असतं, इथे लोण्याने पूर्ण मुरायचं नाही. थोडं रव्यासारखं, थोडं डाळीएवढं, काही तुकडे वाटाण्याएवढे आणि त्यातले काही बोट-अंगठ्यात दाबून चपटे पाकळीसारखे, असं मिश्र रूप दिसलं की थांबा.

मध्ये खळगा करून 220 मिलिलिटर ताक एकदम ओता आणि काट्याने बारा-पंधरा वेळा फिरवा. भांड्यात जे दिसेल ते पाहून जीव धास्तावेल: ओबडधोबड, चिकट गोळे, तळाशी थोडं कोरडं पीठ. तेच बरोबर आहे. कोरडं फारच उरलं तर उरलेल्या ताकातला एखादा मोठा चमचा नेमका त्या कोरड्या भागावर टाका. सगळं ओट्यावर घेऊन हातानेच 2.5 सेंटिमीटर जाडीचा आयत थोपटा. पत्रासारखी तीन पदरी घडी घाला, पाव वळसा द्या, पुन्हा थोपटा. असं तीनदा. पहिल्या घडीला ते तुटेल, दुसऱ्याला जुळेल आणि तिसऱ्याला कडा गुळगुळीत होऊन बाजूने लोण्याच्या पिवळ्या रेघा दिसायला लागतील.

शेवटी 2 सेंटिमीटर जाड, साधारण 20 बाय 15 सेंटिमीटरचा आयत करा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. साडेसहा सेंटिमीटरच्या धारदार कटरने सहा बिस्किटं निघतील, उरलेल्या कडा न मळता एकमेकांवर रचून आणखी दोन. ती दोन जरा वाकडीतिकडी होतात. ते नको असेल तर धारदार सुरीने सरळ आठ चौकोनी तुकडे करा, वाया काहीच जात नाही. ट्रेवर बिस्किटं एकमेकांना टेकवून ठेवा, म्हणजे शेजाऱ्याच्या आधाराने ती आडवी न पसरता वर चढतात. वरून ताकाचा किंवा पातळ लोण्याचा हात फिरवा, पण बाजूंवर ओघळू देऊ नका. 15 ते 18 मिनिटांत रंग येतो.

तेवढ्यात बिडाचा तवा मध्यम आचेवर तापवून टिक्क्या भाजा. तेल लागत नाही. एक बाजू तीन-चार मिनिटं, मग उलटून तेवढीच. उलथन्याने दाबू नका, दाबलं की रस तव्यात जातो. तयार टिक्क्या कागदावर मिनिटभर निथळा. बिस्किट बाहेर आल्यावर जाळीवर पाच मिनिटं ठेवा आणि मग काट्याने किंवा हाताने मधोमध उघडा. गरम बिस्किटात सुरी फिरवली की आतला भाग दाबला जाऊन ओला गोळा होतो.

प्रश्न: माझी बिस्किटं कधी दडस होतात, कधी वातड, तर कधी एका बाजूला कललेली. प्रमाण तेच असतं. चुकतं कुठे?

ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, तेव्हा उपायही वेगळे.

दडस आणि तळाशी ओशट बिस्किट म्हणजे लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळलं. गार लोण्याचा तुकडा गरम ओव्हनमध्ये वितळतो, त्याची जागा पोकळ राहते आणि लोण्यातल्या पाण्याची (ते सुमारे 16 टक्के असतं) वाफ होऊन ती पोकळी फुगवते. पापुद्रा सुटतो तो असा. तेच लोणी हाताच्या उबेने आधी विरघळलं तर ते पिठात मुरतं आणि पोकळीच राहत नाही. ज्यांचे हात गरम असतात त्यांनी लोणी गोठवून जाड किसणीने किसावं आणि पिठात फक्त काट्याने मिसळावं. ओट्यावरचा गोळा मऊ पडून चकाकायला लागला तर हट्ट न करता पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून द्या. ओव्हन पुरता तापलेला नसेल तरी परिणाम तोच, लोणी आधी वितळतं आणि वाफ नंतर होते.

दडसपणाचं दुसरं कारण जुनी बेकिंग पावडर. अर्धा चमचा पावडर पाव कप कढत पाण्यात टाका. लगेच जोरात फसफसली तर ठीक, नुसतेच चार बुडबुडे आले तर टाकून द्या.

वातडपणा पिठातून आणि हातातून येतो. मैद्यातली प्रथिनं ओली होऊन मळली गेली की ग्लुटेनची जाळी बनते. पोळीला ती हवी असते, बिस्किटाला नको. पाकिटावरचा पोषणाचा तक्ता पाहा: 100 ग्रॅममध्ये 8-9 ग्रॅम प्रथिनं असलेला मैदा सगळ्यात चांगला. 11-12 असेल तर 300 ग्रॅमऐवजी 265 ग्रॅम मैदा आणि 35 ग्रॅम कॉर्नफ्लोअर घ्या, म्हणजे प्रथिनांचं प्रमाण उतरतं. आणि ओट्यावर कोरडं पीठ भुरभुरवण्याचा मोह टाळा. गोळा चिकटतो म्हणून दर घडीला मूठभर पीठ घातलं की बिस्किट कोरडं आणि घट्ट झालंच म्हणून समजा. हाताला पीठ लावा, गोळ्याला नको.

कललेलं बिस्किट बहुतेक वेळा कटरमुळे होतं. वाटीने किंवा पेल्याने कापून वर फिरवलं की कडेचे पदर एकमेकांना चिकटतात आणि ती बाजू वर चढत नाही. धारदार कटर सरळ खाली दाबा, सरळ वर उचला, दर वेळी धार पिठात बुडवा. वरून लावलेलं ताक बाजूला ओघळलं तरी कड तशीच सील होते. सगळीच बिस्किटं एकाच दिशेला कलत असतील तर मात्र दोष ओव्हनचा आहे. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा, त्याआधी दार उघडू नका.

प्रश्न: टिक्की तव्यात टाकली की फुटते. खाताना भगराळ लागते आणि तव्यात मात्र चरबीचं तळं होतं. अंडं किंवा ब्रेडचा चुरा घालू का?

नको. अंडं आणि चुरा घातला की ते कटलेट होतं. सॉसेजला बांधणारी वस्तू मांसातच असते, फक्त ती बाहेर काढावी लागते. मीठ आणि मळणं या दोन गोष्टींनी मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळून बाहेर येतं. ते चिकट असतं, आणि तापलं की घट्ट होऊन मांस, चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. म्हणून इथे बिस्किटाच्या अगदी उलट वागायचं: पिठाला हात कमी, खिम्याला हात जास्त. पुष्कळ जण दोन्हीकडे सारखेच हळुवार असतात आणि मग बिस्किट छान होऊन सॉसेज विस्कटतं.

किती मळायचं? सुरुवातीला खिमा मोकळा असतो, दाणे वेगळे दिसतात. मिनिटभरात तो बोटांना ओढ द्यायला लागतो. मग लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून हात पालथा करा. पडला तर अजून मळा. तीन-चार सेकंद चिकटून राहिला आणि सोडवताना बारीक तंतू ओढले गेले तर झालं. याच्या पुढे पाच-पाच मिनिटं मळत राहिलात तर टिक्की रबरासारखी उसळते, तेव्हा तिथेच थांबा. मीठ 1.6 टक्क्यांच्या आसपास ठेवलंय तेही नुसत्या चवीसाठी नाही. ते अर्ध्यावर आणलं तर बांधणीही अर्धी होते.

तव्यात चरबीचं तळं होतं ते खिमा कोमट झाल्यामुळे. चरबी गार असते तोवर तिचे पांढरे कण वेगळे दिसतात. ती मऊ पडली की मांसावर लेप बसतो, खिमा गुलाबी-पांढरट लगद्यासारखा दिसायला लागतो, आणि असा लगदा भाजला की चरबी वाहून जाते, मागे कोरडा चुरा उरतो. खिमा, भांडं, पाणी सगळं गार ठेवा. घरीच खिमा करत असाल तर मांसाचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे ताटात पसरून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. कडा ताठ आणि मध्य मऊ, या अवस्थेत ते यंत्रातून स्वच्छ कापले जातात. यंत्र नसेल तर फूड प्रोसेसरमध्ये थोडे थोडे तुकडे घेऊन दहा-बारा झटके द्या, सलग फिरवू नका.

आणि खिमा फारच सुका, म्हणजे 10 टक्के चरबीचा असेल, तर कितीही नीट मळला तरी कोरडाच लागणार. तिथे चरबी वाढवण्याला पर्याय नाही.

प्रश्न: मसाला बरोबर जमलाय हे कच्च्या मिश्रणावरून कसं ओळखायचं?

कच्चं चाखू नका. चमचाभर मिश्रण चपटं करून तव्यावर मिनिट-दीड मिनिट भाजा आणि खाऊन पाहा. सेज सुरुवातीला थोडा कमी वाटला तरी चालेल, रात्रभर फ्रिजमध्ये तो चढतो. लाल मिरचीही तशीच. मीठ मात्र तेव्हा लागतं तेवढंच सकाळी लागेल. सेज मिळालाच नाही तर थाइम दुप्पट करा आणि चिमूटभर रोजमेरी चुरून घाला. चव वेगळी होईल पण न्याहारीच्या सॉसेजच्या जवळची राहील.

प्रश्न: टिक्की बाहेरून तपकिरी, पण मोडली की आत गुलाबी. कच्ची असते का?

रंगावरून सांगता येत नाही. मिठामुळे किंवा मांसाच्या आम्लतेमुळे पूर्ण शिजलेला खिमाही कधी गुलाबी राहतो, आणि कधी पुरता शिजण्याआधीच करडा होतो. अन्नाचा थर्मामीटर घ्या आणि टोक टिक्कीच्या बाजूने, आडवं, मध्यापर्यंत घाला. वरून खुपसलं तर 1 सेंटिमीटरच्या टिक्कीत ते तव्याचंच तापमान दाखवतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने डुकराच्या खिम्यासाठी 71 अंश सेल्सिअस आणि कोंबडीच्या खिम्यासाठी 74 अंश ठरवलं आहे. हे आकडे गाठायचेच. त्यापुढे फार नेलंत तर रस जातो, म्हणून 71 दिसलं की उतरवा.

बाहेरून करपते आणि आत आकडा गाठत नाही, असं होत असेल तर आच जास्त आहे. ब्राउन शुगर लवकर काळवंडते. आच एक पायरी उतरवा आणि टिक्क्या दाटीने लावू नका.

प्रश्न: डुकराचं मांस घरात चालत नाही. कोंबडीचं करता येईल?

येईल, पण छातीचं मांस घेऊ नका, ते सुकं पडतं. मांडीचं बिनहाडाचं मांस 440 ग्रॅम आणि कोंबडीची कातडी 60 ग्रॅम, दोन्ही अर्धवट गोठवून एकत्र बारीक करा. कातडी नको असेल तर 40 ग्रॅम गोठवलेलं लोणी किसून शेवटी हलक्या हाताने मिसळा. मीठ तेवढंच. पाणी निम्मं करा, कारण कोंबडीचा खिमा आधीच ओला आणि चिकट असतो. मळायला मिनिटभर पुरे. सेज आणि मिरी थोडी वाढवा, कोंबडीचं मांस चवीला सौम्य असतं. तव्यात एक चमचा तेल लागेल. आणि वर सांगितलेले 74 अंश इथे पक्के पाळा.

प्रश्न: कृतीत 'बटरमिल्क' लिहिलं होतं म्हणून नेहमीचं ताक घातलं. सगळं पातळ झालं.

नावाचा घोळ आहे. अमेरिकेत दुकानात मिळणारं बटरमिल्क हे विरजण लावलेलं, साईच्या दुधासारखं दाट दूध असतं, घुसळून पाणी घातलेलं पातळ ताक नव्हे. तीन वाट्या आंबट दही आणि एक वाटी दूध एकत्र फेटलं की तो दाटपणा येतो. चमचा बुडवून काढला तर पाठीवर पातळ लेप राहायला हवा. दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवूनही काम भागतं (240 मिलिलिटरला एक मोठा चमचा रस), पण ते पातळच राहतं, म्हणून 200 मिलिलिटरपासून सुरुवात करा. आंबटपणा गाळून चालणार नाही: सोड्याला फसफसायला तोच लागतो.

प्रश्न: बिस्किटावर पिवळे-तपकिरी ठिपके आणि साबणासारखी चव. का?

सोड्याच्या गुठळ्या. सोडा नेहमी चाळून घाला आणि पाव चमच्याच्या वर जाऊ नका. साबणाऐवजी धातूसारखी चव येत असेल तर ती ॲल्युमिनियमचं क्षार असलेल्या बेकिंग पावडरची असू शकते. त्याशिवायची पावडर मिळते, ती घ्या. आणि 'सेल्फ रायझिंग' पीठ वापरत असाल तर त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच असतं. वरून पुन्हा दोन्ही घातलं की नेमकी हीच तक्रार येते.

प्रश्न: उंच, भरपूर पापुद्र्यांची बिस्किटं जमतात, पण सॉसेज घालून हातात धरली की ढासळतात.

जी बिस्किटं नुसती लोणी-मध लावून खायला सुंदर, ती सॉसेज धरायला कमकुवत असतात. सॉसेजसाठी तीनच घड्या घाला, पाच-सहा नको. लोणी जरा बारीक चोळा, सगळ्यात मोठा तुकडा वाटाण्याऐवजी हरभऱ्याच्या डाळीएवढा. उंची भाजल्यावर चार सेंटिमीटरच्या आत राहू द्या, तोंडात मावायलाही तेवढीच बरी. आमच्या मते याहून उंच सॉसेज बिस्किट फोटोत शोभतं, हातात नाही. चीज हवं असेल तर तव्यातल्या टिक्कीवर शेवटच्या अर्ध्या मिनिटात पातळ काप ठेवा. वितळलेलं चीज टिक्की आणि वरचा पदर यांना चिकटवून धरतं. सोबत थोडा जॅम किंवा मोहरीचा सॉस लावला तर खारट-तिखट सॉसेजला चांगली जोड मिळते, पण वरच्या अर्ध्या भागालाच लावा. खालचा अर्धा टिक्कीच्या रसाने आधीच ओला होतो.

प्रश्न: बिस्किटं आणि थोडा खिमा उरला तर?

ग्रेव्ही करा. दक्षिणेकडच्या राज्यांत हा स्वतंत्र, मानाचा पदार्थ आहे. 250 ग्रॅम सॉसेजचं मिश्रण तव्यात मोकळं परता. चांगला तपकिरी रंग येऊ द्या, कारण सगळी चव त्या तळाला चिकटलेल्या खरपुडीत असते. दोन मोठे चमचे चरबी ठेवा, जास्तीची काढा, कमी असेल तर लोण्याने भर घाला. त्यावर 25 ग्रॅम मैदा भुरभुरवून दीड मिनिट परता, कच्चा वास जायला हवा. मग 480 मिलिलिटर दूध चार-पाच वेळात घाला आणि दर वेळी तळ खरवडत ढवळा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळी, वर सढळ हाताने मिरपूड. मीठ अगदी शेवटी, चाखून. ताटात ती आणखी आळते, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच उतरवा आणि उघडलेल्या शिळ्या बिस्किटावर ओता.

प्रश्न: सकाळी सातला डबे भरायचे असतात. एवढं सगळं कधी करायचं?

दोन मार्ग आहेत. ताजं हवं असेल तर रात्री टिक्क्या थापून प्रत्येकीमध्ये कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा. कोरड्या जिनसांत लोणी चोळून तेही झाकून फ्रिजमध्ये. ताक मात्र रात्री घालू नका. सोडा ताकाशी भेटला की लगेच कामाला लागतो आणि सकाळपर्यंत त्याचा जोर संपतो. सकाळी ओव्हन लावायचा, तो तापेपर्यंत ताक, घड्या आणि कापणं उरकायचं, बिस्किटं आत गेली की तवा ठेवायचा. पाऊण तासात आठही तयार होतात.

कापलेली कच्ची बिस्किटंही गोठवता येतात. ट्रेवर सुटी ठेवून दोन तास गोठवा आणि कडक झाली की पिशवीत भरा. महिनाभर चांगली राहतात. इथे ताकातला सोडा चालतो, कारण लगेच गोठवल्याने तो थांबतो, आणि बेकिंग पावडरचा बराचसा जोर ओव्हनच्या उष्णतेसाठी राखलेला असतो. वितळू न देता थेट 220 अंशांवर ठेवा, नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त लागतील.

दुसरा मार्ग पूर्ण तयार बिस्किटं गोठवण्याचा. यात सगळ्यांची एकच चूक होते: गरम असतानाच गुंडाळतात. आतली वाफ कागदावर जमते, तिचा बर्फ होतो आणि पुन्हा गरम केल्यावर तेच पाणी तळाचा पदर गिच्च करतं. बिस्किट आणि टिक्की वेगवेगळी जाळीवर पूर्ण गार करा, पण एकूण दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. मग जोडा, एकेक घट्ट गुंडाळा, वर तारीख लिहा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिन्यांपर्यंत.

खायच्या आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढून ठेवलं तर काम सोपं होतं. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल काढून, जेमतेम ओल्या कागदात गुंडाळून, निम्म्या शक्तीवर एक ते दीड मिनिट. पूर्ण शक्तीवर बिस्किटाची कड दगडासारखी होते आणि टिक्कीचा मध्य गारच राहतो. ओव्हन असेल तर फॉइलसकट 175 अंशांवर पंधरा मिनिटं, आणि वर जरा खरपूस हवं असेल तर शेवटची तीन मिनिटं फॉइल उघडून. थेट गोठलेलं ठेवत असाल तर पंचवीस ते तीस मिनिटं धरा. दोन्हीकडे टिक्कीच्या मध्यात 74 अंश यायला हवेत. अंडं घालायचं असेल तर पिवळा बलक वाहता असलेलं गोठवू नका. फेटलेली अंडी पसरट ट्रेमध्ये 175 अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजून त्याचे गोल कापून घाला, ते गोठवूनही बऱ्यापैकी मऊ राहतात.